गर्भधारणापूर्व आरोग्यसेवा, इंग्लंडमधील
गर्भाची तंत्रिका नलिका गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत, पुष्कळदा स्त्रीला दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच, बंद होते. म्हणून तिचे दोष टाळण्यासाठी फॉलिक अम्ल आधीपासून घ्यावे लागते. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने हे १९९१ मध्ये सिद्ध केले. अपत्येच्छू स्त्रियांना ते रोज ०·४ मिग्रॅ. घेण्याचा सल्ला १९९२ पासून दिला गेला; पण तो पाळणे वय, परिस्थिती व मुख्यतः गर्भधारणेच्या नियोजनावर अवलंबून राहिले. १९९९–२०१२ मधील नोंदींनुसार गर्भधारणेपूर्वी ते घेणाऱ्यांचे प्रमाण ३५–३९ वयोगटात ४० टक्के, तर विशीच्या आत अवघे ६ टक्के होते. अमेरिकेत धान्यपिठात ते मिसळणे १९९८ पासून सक्तीचे झाले; इंग्लंडने तसा नियम, अक्षम्य विलंबाने, २०२४ मध्ये केला.