आषाढ १८७५ : बारामतीहून नीराकाठापर्यंत

मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा. मोबाइल, रेनकोट, डासांचं मलम, पाण्याची सीलबंद बाटली, सगळं मागेच राहू द्या. साल १८७५, महिना जुलै. ज्येष्ठ अमावास्येची रात्र सरत आली आहे आणि तुम्ही बारामतीजवळ कऱ्हेकाठी एका दिंडीच्या मुक्कामात आडवे झाला आहात. अंगात बाराबंदी, डोक्याला मुंडासं, गळ्यात तुळशीची माळ, अंगावर घोंगडी. उशाला शिध्याची पिशवी आणि तांब्या.

डोळा मात्र लागलेला नाही. पहिल्या पावसाने भरलेल्या डबक्यांतून डासांचे थवे उठलेत. घोंगडी तोंडावर ओढली तर उकाड्याने जीव घाबरतो, बाजूला केली तर कानाशी गुणगुण सुरू होते. करडईच्या तेलाची दिवटी जळते आहे, तिच्याभोवती पंखवाल्या किड्यांचा खच पडलाय. कुणीतरी गोवरीच्या विस्तवावर कडुनिंबाचा ओला पाला टाकतं. शेजारचे म्हातारे वारकरी उठून बसतात आणि म्हणतात, “माउली, धुराच्या अंगाला सरका. डोळे झोंबतील, पण डास बसायचे नाहीत.”

तुम्ही सरकता. थंडीताप या डासांमुळे येतो हे त्यांना ठाऊक नाही. ते कळू लागायला अजून बावीस वर्षं आहेत. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधतील. पण धुराजवळ निजावं, ओल्या जमिनीवर अंथरू नये, एवढं शहाणपण या माणसांनी चालून चालून कमावलं आहे.

पहाटे काकड्याचे सूर उठतात. अंधारातच नदीवर अंघोळ उरकते, कपाळी गोपीचंदन आणि बुक्का लागतो. मग रांग धरते. पुढे पताका, मागे टाळकरी, मध्ये मृदंग, विणेकरी, त्यांच्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. वीणा जमिनीवर टेकवायची नाही. एक जण थकला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देहूहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. रोज पाच-सहा कोस तोडायचे, तेही ऊन, पाऊस आणि चिखल जसे येतील तसे. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा घालून दिली. तेव्हापासून वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या अशा पायांवर पोसल्या आहेत.

पुण्याहून सोलापूरकडे आगगाडी धावू लागून पंधरा वर्षं झाली. बार्शी रोड स्टेशनवर, म्हणजे आपल्या कुर्डुवाडीला, उतरून पंढरपूर गाठणारे यात्रेकरूही आहेत. तुमची दिंडी मात्र पायीच निघाली आहे. रात्रीच तुम्ही म्हाताऱ्यांना गाडीबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले होते, “गाडीनं माणूस पोचतो, माउली. वारी चालल्यानं होते.”

उजाडलं की डास ओसरतात आणि माश्यांचा पहारा सुरू होतो. बैलांच्या पाठीवर गोमाश्या, माणसांच्या ओठांवर, डोळ्यांच्या कडांवर, पायाच्या जखमांवर घरमाश्या. भाकरीचा तुकडा हातात घेतला की त्यावर आधी माशी बसते. चालताना डोळ्यांपुढे केमरं नाचतात. गाणाऱ्याने तोंड उघडलं की एखादं चिलट थेट घशात जातं. तो खाकरतो, थुंकतो आणि पुढच्या चरणाला पुन्हा सूर धरतो.

मोरोपंतांची बारामती मागे पडते. पंतांना जाऊन ऐंशीवर वर्षं झाली. सणसरच्या दिशेने माळ लागतो. आज इथे तुम्हाला ऊस दिसतो. तेव्हा बाभळी, बोरी, हिवर आणि नजर पोचेल तिथपर्यंत गवत होतं. भाटघरचं धरण नाही, नीरेचा डावा कालवा नाही. कालव्याला पाणी यायला अजून दहा वर्षं आहेत. सह्याद्री अडवून जो काही पाऊस इकडे सोडेल, तेवढ्यावर बाजरी पिकायची. लांब काळविटांचा कळप उधळतो. धनगर मेंढरं वळवतात आणि रात्री लांडग्यासाठी कुत्री जागती ठेवतात. पाऊस थोडाच, पण पडला की काळी माती तळव्यांना असा लगदा बांधते की पाय उचलवत नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात. दुपारच्या विसाव्याला एक बाई न विचारता तुमच्या पायाला तेल-हळद लावते. तुम्ही संकोचता. ती म्हणते, “पाय तुमचा न्हाई, माउली, विठोबाचा हाये. तुमी फकस्त चालवताय.”

टाळकऱ्यांत सुप्याकडचा एक शेतकरी आहे. दोन महिन्यांपूर्वी, १२ मे रोजी, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं, पोलीस आले, धरपकड झाली. त्याची जमीन गहाण आहे. तो त्यावर बोलत नाही, टाळ वाजवतो. त्याला सांगावंसं वाटतं, की १८७९ मध्ये कायदा होईल, शेतकऱ्याला थोडा आधार मिळेल. पण त्याआधीचं कसं सांगणार? पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, पाऊस दगा देणार आहे. दोन वर्षांचा दुष्काळ याच बारामती-इंदापूरच्या माळावर उतरणार आहे. या दिंडीतले किती जण तेव्हा पुन्हा रांगेत उभे असतील? तुम्ही गप्प राहता आणि टाळ धरता.

पाण्याची जागा येते आणि तिथे वारीचा दुसरा चेहरा दिसतो. ओढ्याचं पाणी गढूळ आहे. बाया ते पदरातून गाळतात, हंड्यात निवळीचं बी उगाळून घालतात. गाळ तळाला बसतो, वरचं पाणी नितळ दिसतं. वरच्या अंगाला याच ओढ्याकाठी सकाळी शेकडो माणसं बसून उठली आहेत. तिथून उडालेल्या माश्या इथल्या भाकरीवर येतात. नितळ म्हणजे शुद्ध नव्हे, हे इथे कुणाला माहीत नाही.

आणि गावच्या विहिरीशी काही वारकरी लांबच उभे आहेत. ते महार-मांग म्हणून त्यांनी पोहरा टाकायचा नाही, वरून कुणी ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. कुणी ओतलं नाही तर ओढ्याचंच प्यायचं. नाव त्याच विठ्ठलाचं, वाट तीच, पाणी मात्र वेगळं. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये व्हायचा आहे, पंढरीचं मंदिर साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये खुलं व्हायचं आहे. तहानेलाही जात लावणाऱ्या काळातून तुम्ही चालत आहात. हे पाहून मान वळवू नका.

निमगाव केतकीच्या अलीकडे रात्री एक तरुण वारकरी कोसळतो. उलट्या, पाण्यासारखे जुलाब. काही घटकांत डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, पोटऱ्यांत गोळे येतात. कुणीतरी हळूच म्हणतं, “पटकी.” क्षणभर सगळे मागे सरतात. कुणी मरीआईला नवस बोलतं. तो पाणी मागतो. “पाणी देऊ नका, जुलाब वाढतील,” असं एक जाणता सांगतो आणि तांब्या दूर सरकवला जातो.

आता तुम्हाला राहवत नाही. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, माणूस अंगातलं पाणी संपल्याने मरतो. तिचा जंतू कोलकात्यात १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख दाखवतील. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवतील. तो उपाय याच दिंडीच्या शिध्यात पडून आहे. मीठ आहे, पाणी उकळायला चूल आहे, साखरेच्या जागी गूळ आहे. कमी आहे ती फक्त माहिती. म्हातारे वारकरी तुमच्याकडे बघतात, काही न विचारता तीन दगड मांडतात आणि हंडा चढवतात. रात्रभर तुम्ही दोघं त्याला घोटघोट पाजता. दिंडी त्याला वाटेवर टाकून पुढे जात नाही. त्याच्यासाठी गाडीत जागा होते, त्याची पताका दुसरा उचलतो.

इंदापुरात मालोजीराजांच्या गढीखालून तुम्ही जाता. पुढे सराटीला नीरा आडवी येते. धरण नसलेली नीरा आषाढात तिला वाटेल तशी वाहते. पाणी ओसरायची वाट पाहत सगळे काठावर थांबतात. भजन चालू राहतं. उतार मिळाला की हाताला हात धरून साखळी होते, लहानं आणि म्हातारी मध्ये, धट्टीकट्टी दोन्ही कडांना. त्या रात्रीचा आजारीही साखळीत मध्ये आहे. पलीकडे सोलापूर जिल्हा, अकलूज, आणि आठवड्याभरावर पंढरी.

तुम्हाला मात्र इथूनच परतायचं आहे. या माणसांना कशाने तारलं ते तुम्ही पाहिलंत. एकट्याने न चालण्याच्या शिस्तीने तारलं, हातोहात गेलेल्या वीणेने, परक्याच्या पायाला लावलेल्या हळदीने. कशाने मारलं तेही पाहिलंत. घाण पाण्याने, माशीने, डासाने, आणि विहिरीवर उभ्या असलेल्या जातीने. पहिली गोष्ट त्यांनी आपल्याला वारसा म्हणून दिली. दुसरीचा बंदोबस्त त्यांच्या हाती नव्हता. तो आपल्या हाती आहे.

आता या वाटेवर पालखी महामार्ग आहे, टँकर आहेत, फिरती शौचालयं आहेत, आरोग्य पथकं आहेत. तरीही लाखो माणसं एका रात्रीत एका गावात उतरली की तीच संकटं दारात उभी राहतात. म्हणून उंडवडीपासून सराटीपर्यंतच्या प्रत्येक गावकऱ्याला हात जोडून सांगणं आहे. पालखी यायच्या आधी गावातली डबकी बुजवा. विहीर आणि टाकी स्वच्छ करा, पाणी शुद्ध करूनच द्या. अन्न झाकून वाढा. शौचालयाचं दार उघडं ठेवा आणि तिथे साबण ठेवा. पाणी देताना कुणाचं नावगाव विचारू नका. आणि एखाद्या माउलीला जुलाब लागले, तर दवाखान्यात पोचेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ घालून घोटघोट पाजत राहा. वारकऱ्याची याहून मोठी सेवा नाही.