गोळीचा वेग कोणी मोजला?

1818 च्या मे महिन्यात थॉमस मन्रोच्या फौजेने सोलापूर घेतले. त्या लढाईवर काही वर्षांपूर्वी मी एक टिपण लिहिले होते आणि त्यात ‘इंग्रजांच्या बंदुकीची गोळी कितीतरी वेगवान होती’ असे वाक्य ठोकून दिले होते. आमच्या कुंभारीतल्या एका निवृत्त जवानाने ते वाचून विचारले, “अण्णा, पण हा वेग मोजला कुणी?” मला उत्तर देता आले नाही. तरुणपणी मी सोलापुरात यंत्रमागावर काम केले आहे. धोटा मिनिटाला किती फेऱ्या मारतो हे मोजल्याशिवाय आम्ही मागाबद्दल बोलत नसू. इतिहास लिहिताना मात्र मोजमाप विसरलो. त्या प्रश्नाचे हे उशिरा दिलेले उत्तर.

वेग मोजण्याची पहिली विश्वासार्ह रीत बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 साली प्रसिद्ध केली. त्याने एक जड फळी लंबकासारखी टांगली आणि तिच्यावर गोळी झाडली. गोळी फळीत रुतते, फळी मागे झुलते, आणि तिला बांधलेली फीत जेवढी ओढली जाते तेवढा झोका कळतो. गोळीचे आणि फळीचे वजन ठाऊक असले की झोक्यावरून वेग निघतो. उत्तर आले सेकंदाला 1,600 फुटांहून अधिक, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून बरेच जास्त. एवढ्या वेगाला हवा किती प्रचंड विरोध करते, हेही त्यातून उघड झाले. ऑयलरने 1745 साली या ग्रंथाचे सटीप जर्मन भाषांतर केले. पुढे कंपनीच्या किल्ल्यांची कामे पाहण्यासाठी रॉबिन्स हिंदुस्थानात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

1860 च्या दशकात ले बुलांजे या बेल्जियन तोफखाना अधिकाऱ्याने दुसरी युक्ती काढली. गोळी पहिली तार तोडते तेव्हा विद्युतचुंबकाने धरलेली लांब कांडी सुटते. दुसरी तार तुटली की आखूड कांडी पडते आणि तिच्यामुळे सुटलेले पाते लांब कांडीवर खूण करते. खूण कुठे पडली यावरून वेळ मिळतो. घड्याळाचे काम गुरुत्वाकर्षणच करते. त्याच दशकात, 1869 मध्ये, पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर, 1958 मध्ये, शस्त्रास्त्र संशोधनाची एआरडीई ही संस्था पुण्यातच स्थापन झाली. ‘इन्सास’ रायफल तिचीच.

आता हेच काम नळीच्या तोंडाखाली संगिनीसारखी पट्ट्याने बांधलेली एक छोटी पट्टी करते. तिच्यात ठरावीक अंतरावर दोन चुंबकीय संवेदक असतात. धातूची गोळी वरून जाताना चुंबकीय क्षेत्र हलते आणि दोन खुणांमधला वेळ नोंदला जातो. अंतर 10 सेंटिमीटर धरले आणि ‘इन्सास’ची गोळी सेकंदाला सुमारे 900 मीटर जाते असे घेतले, तर हा वेळ सेकंदाचा नऊ हजारावा भाग ठरतो. ऊन-सावलीचा तिला त्रास नाही. पण पट्टीच्या वजनाने नळीचे थरथरणे बदलते आणि गोळी नेहमीच्या जागी लागत नाही. वेग खरा मिळतो, नेम मात्र पट्टी काढूनच तपासावा लागतो.

हे समजल्यावर मी जुने टिपण पुन्हा उघडले. पेशव्यांच्या पायदळाकडेही पाश्चात्त्य धर्तीच्या बंदुका होत्या. दोन्हीकडे गुळगुळीत नळीतून शिशाची गोल गोळीच सुटत होती. माझ्या वाक्याला आधार नव्हता. त्या वर्षी 20 फेब्रुवारीला आष्टीला बापू गोखले पडले होते, बाजीराव पळतीवर होता, 3 जूनला तो माल्कमच्या स्वाधीन झाला. सोलापूरच्या शिबंदीच्या पाठीशी उभे राहायला कोणी उरले नव्हते. पराभवाचे कारण तिथे शोधायला हवे होते. मी ते गोळीच्या वेगावर ढकलले, कारण ते सोपे होते आणि आपल्या माणसांना दोष लागत नव्हता.

ते वाक्य मी मागे घेतो. जवानकाकांना हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे.