मातीचे रिंगण आणि परवान्याचे कुंपण

१८९६ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याच्या जत्रेत, क्रॅन्स्टन येथील नॅरॅगॅन्सेट पार्कच्या मैदानावर, मोटारींची शर्यत झाली. बंदिस्त रिंगणावरची त्या देशातील ही पहिली शर्यत. आणि ती जिंकली पेट्रोलच्या नव्हे, विजेच्या गाडीने! मोटारींसाठी निराळे मैदान बांधावे लागले नाही. जत्रांतून घोड्यांसाठी मैल-अर्ध्या मैलाची मातीची रिंगणे तयारच होती. धूळ इतकी उडे की मागच्या हाक्याला पुढचे काही दिसत नसे. परंतु भोवती कुंपण असल्यामुळे तिकीट लावता येई. उघड्या रस्त्यावर ही सोय कोठली? शर्यतीचा धंदा झाला तो असा.

१९०३ साली बार्नी ओल्डफील्ड या सायकल-शर्यतींतून आलेल्या गड्याने इंडियानापोलिसच्या जत्रामैदानावर एक मैल ५९.६ सेकंदांत तोडला व तो देशभर गाजला. १९१० साली मुष्टियुद्धाचा कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन याच्याशी ब्रुकलिनमध्ये त्याची शर्यत झाली. ओल्डफील्ड सहज जिंकला. तरी अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने त्यालाच निलंबित केले. कारण दिले, शर्यतीस मंजुरी नव्हती. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला अशी कलमे ओळखीची असतात.

परवाने याच संस्थेच्या हाती, आणि काळ्या हाक्याला परवाना नाही. चार्ली विगिन्सचा जन्म १८९७ चा, एव्हन्सव्हिलचा. मोटारदुरुस्तीच्या दुकानाबाहेर बूटपॉलिश करणारा हा पोरगा आत शिकाऊ म्हणून शिरला आणि नामांकित मेकॅनिक झाला. भंगारातले भाग जुळवून त्याने स्वतःची शर्यतीची गाडी उभी केली. पण इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीचे दार त्याला बंदच.

तेव्हा कृष्णवर्णीयांनी आपली शर्यत काढली. २ ऑगस्ट १९२४ रोजी, ओल्डफील्डने विक्रम केला त्याच जत्रामैदानावर, १०० मैलांची 'गोल्ड अँड ग्लोरी' झाली. पहिली माल्कम हॅननने जिंकली. पुढे विगिन्सने ती एकाहून अधिक वेळा जिंकली. १९३४ साली गोऱ्यांच्या ५०० मैलांत विजयी झालेल्या बिल कमिंग्जच्या गाडीवर विगिन्सचाच हात फिरला होता. मात्र तेथल्या गॅरेजात त्याला झाडूवाला म्हणून वावरावे लागले. हात चालत होते, माणूस चालत नव्हता.

१९३६ च्या 'गोल्ड अँड ग्लोरी'त गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि विगिन्सचा पाय गेला. ती शर्यतही त्या वर्षीच संपली. त्याने लाकडाचा पाय स्वतःच घडविला आणि पुन्हा दुकानात उभा राहून तरुणांना इंजिने शिकविली.