रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे : पूर्व बेलफास्टमधल्या एका क्लबची गोष्ट

सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक वाक्य हमखास येतं : 'या विषयावर आजवर फारसं काम झालेलं नाही.' मीही लिहिलं होतं. गाईड सरांनी त्याखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहून कागद परत दिला : 'का?'

आपण विज्ञानवाले तर फारच घाई करतो. तक्त्यात रकाना रिकामा दिसला की शून्य भरून मोकळे. पण 'नाही' यालाही इतिहास असतो. तो कसा शोधायचा, हे मला माझ्या विषयापेक्षा एका लांबच्या उदाहरणातून जास्त नीट समजलं. ते उदाहरण आहे आयर्लंडमधल्या खेळांच्या क्लबांचं.

नकाशावरची मोकळी जागा

आयर्लंडचा नकाशा घ्या आणि गेलिक खेळांच्या प्रत्येक क्लबसाठी एक टिंब द्या. गेलिक खेळ म्हणजे मुख्यतः हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. हर्लिंगमध्ये लाकडी काठीने छोटा चेंडू जमिनीवरून आणि हवेतूनही मारतात. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊनही खेळता येतो. हे खेळ चालवते गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, थोडक्यात जीएए. रचना साधी आहे. कॅथलिक चर्चची एक पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा परिसर, हा साधारणपणे एका क्लबचा भाग. क्लबांच्या वर काउंटी. खेळाडू हौशी, खेळण्याचा पगार नाही. ज्या भागात वाढलात, त्याच भागाकडून खेळायचं.

त्यामुळे नकाशा टिंबांनी भरत जातो. पूर्व बेलफास्टवर मात्र हात थांबतो. टायटॅनिक जिथे बांधलं गेलं, तो हार्लंड अँड वुल्फचा जहाजकारखाना याच भागात. वस्ती बहुतांश प्रोटेस्टंट आणि युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहावं असं मानणारी. २०२० च्या आधी जवळपास ५० वर्षं इथे जीएएचा एकही क्लब नव्हता.

सोपं उत्तर लगेच सुचतं : तिथल्या लोकांना या खेळांत रसच नसेल. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. आता ते तपासू.

सुरुवातीची यादी काय सांगते?

जीएएची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात झाली. पुढाकार मायकेल क्युसॅक यांचा, पहिले अध्यक्ष मॉरिस डेव्हिन. त्या बैठकीला हजर असलेल्यांची सहसा सात नावं दिली जातात. त्यांतली दोन नीट बघा. जॉन मकाय हे पत्रकार, मूळचे बेलफास्टकडचे. आणि टॉमस सेंट जॉर्ज मकार्थी हे रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या पोलीस दलातले अधिकारी. शिवाय ते आयर्लंडकडून रग्बी खेळलेले.

म्हणजे पायाच्या दगडांत एक पोलीसही होता आणि रग्बीपटूही! आणखी एक गोष्ट : अखिल आयर्लंड फुटबॉल विजेत्यांना मिळणारा करंडक सॅम मॅग्वायर यांच्या नावाचा आहे, आणि ते प्रोटेस्टंट होते. तेव्हा 'हे खेळ मुळातच त्यांचे नव्हते' हे वाक्य जरा बाजूला ठेवू.

दार कसं बंद झालं?

पुढे नियम आले. रग्बी, फुटबॉल, क्रिकेट असे 'परके' खेळ खेळणाऱ्या, पाहणाऱ्या सदस्याला संघटनेचं दार बंद. हा नियम किती कडक होता? आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड जीएएचे आश्रयदाते होते. १९३८ मध्ये ते एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्याला हजर राहिले, म्हणून त्यांचं ते पद काढून घेण्यात आलं. हाइडही प्रोटेस्टंटच. दुसरा नियम, क्रमांक २१ : उत्तर आयर्लंडच्या पोलिसांना आणि ब्रिटिश सैनिकांना सदस्यत्व नाही. तिथलं पोलीस दल बहुतांश प्रोटेस्टंट होतं. ज्या घरातला बाप किंवा काका पोलिसात, त्या घरातल्या पोराला क्लब आपला कसा वाटणार?

पण इथे एकाच बाजूला दोष देऊन थांबू नका. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. १४ जण मारले गेले, त्यांत मायकेल होगन हा खेळाडूही होता. पुढच्या संघर्षाच्या काळात क्रॉसमॅग्लेनच्या क्लबच्या मैदानाचा काही भाग लष्कराने ताब्यात घेतला होता. ज्यांनी हे पाहिलं, त्यांच्यासाठी नियम २१ हा नुसता हट्ट नव्हता.

तिसरा अडथळा तुम्हाला नियमांच्या पुस्तकात सापडणारच नाही. गेलिक सामने मुख्यतः रविवारी होत, आणि अनेक श्रद्धाळू प्रोटेस्टंट रविवारी खेळणं टाळत. कुणी कुणाला अडवलं नाही, वेळापत्रकानेच अडवलं.

परक्या खेळांवरची बंदी १९७१ मध्ये उठली, तीही बेलफास्टमध्येच भरलेल्या अधिवेशनात. नियम २१ नोव्हेंबर २००१ मध्ये गेला. त्या वेळी उत्तरेच्या सहा काउंटींपैकी फक्त डाउनने रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. तरीही त्यानंतर जवळपास दोन दशकं पूर्व बेलफास्ट रिकामंच राहिलं. नियम कागदावरून गेला तरी माणसांच्या मनातून लगेच जात नाही.

२०२० : गृहीतकाची परीक्षा

२०२० मध्ये 'पूर्व बेलफास्टमध्ये क्लब काढूया का?' अशा अर्थाची एक ट्विटर पोस्ट आली आणि थोड्याच दिवसांत शेकडो लोकांनी रस दाखवला. पूर्व बेलफास्ट जीएए उभा राहिला. अध्यक्षपदी लिंडा अर्विन आल्या. प्रोटेस्टंट पार्श्वभूमीच्या, आणि त्याच भागात आयरिश भाषा शिकवण्याचं काम करणाऱ्या. क्लबच्या चिन्हात जहाजकारखान्याच्या क्रेन आहेत, आणि 'एकत्र' हा शब्द इंग्रजी, आयरिश आणि अल्स्टर-स्कॉट्स अशा तीन भाषांत आहे. सगळं सुरळीत झालं असं नाही. सरावाच्या मैदानावर संशयास्पद वस्तू असल्याच्या खबरीने पोलीस बोलवावे लागले; ती बनावट निघाली. पण क्लब थांबला नाही.

मग 'रस नाही' हे गृहीतक पडलं का? बरंचसं. तरी एक खबरदारी घ्या. नाव नोंदवणाऱ्यांत दुसरीकडे हे खेळ खेळून मग इथे राहायला आलेले लोक होते, तसेच पहिल्यांदाच काठी हातात घेणारेही होते. दोघांची बेरीज करून 'युनियनिस्ट वस्तीला हे खेळ हवेच होते' असं लिहिलंत, तर तुम्ही शून्याची चूक उलट्या दिशेने करताय.

म्हणून तुमच्या विषयात काही 'नाही' असं दिसलं की तीन प्रश्न विचारा. कधीच नव्हतं, की होतं आणि गेलं? कशाने अडवलं, लिहिलेल्या नियमाने की न लिहिलेल्या सवयीने? आणि अडथळा हटल्यावर लगेच बदललं, की वेळ लागला? प्रत्येक प्रश्नाला पुरावा वेगळा लागतो : पहिल्याला जुन्या याद्या, दुसऱ्याला नियम, वेळापत्रकं आणि माणसांच्या आठवणी, तिसऱ्याला तारखा.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये त्या एका वाक्याच्या जागी शेवटी दीड पान झालं. सरांनी ते पान मात्र पेन्सिल न लावता परत दिलं.