काँक्रीटच्या इमारतींची हानी, तिची ओळख व दुरुस्ती : मुंबई शहराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१९४७ ते २०२०)

प्रस्तावना :

वास्तूंच्या जीर्णतेचा विचार आपल्याकडील इतिहासलेखनात प्रामुख्याने किल्ले, मंदिरे, लेणी आणि वाडे यांच्या संदर्भात झालेला आहे. विसाव्या शतकात शहरी माणूस ज्या साहित्याच्या छताखाली राहू लागला, त्या काँक्रीटच्या जीर्णतेलाही इतिहास आहे. मात्र त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. लाकूड कुजते, चुना झडतो, पण सिमेंटचे बांधकाम म्हणजे ‘पक्के’ बांधकाम, ही समजूत समाजमनात खोलवर रुजलेली आहे. या समजुतीची किंमत मुंबईने अनेकदा मोजली आहे. काँक्रीटची हानी ओळखण्याचे शास्त्र विकसित होत असताना ते राहत्या इमारतींपर्यंत वेळेवर का पोहोचले नाही, हा प्रस्तुत निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मुंबईतील काँक्रीट बांधकामाची ऐतिहासिक पार्श्वभूमी जाणून घेणे.
२) हानीची कारणे, लक्षणे व दुरुस्तीच्या पद्धती समजून घेणे.
३) दुरुस्तीविषयक कायदे आणि प्रत्यक्ष गरज यांतील अंतर तपासणे.

काँक्रीटचे आगमन :

इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए या बागकाम करणाऱ्याने १८६७ मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले, तर १८९२ मध्ये फ्रांस्वा हेनेबिक याने खांब, तुळई आणि स्लॅब एकत्र गुंफणारी पद्धत पेटंट केली. भारतात १९१४ मध्ये पोरबंदर येथे सिमेंटचे उत्पादन सुरू झाले आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्यांच्या विलीनीकरणातून ए.सी.सी. ही कंपनी उभी राहिली. त्याच सुमारास बॅकबेच्या भराव जमिनीवर मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहत होत्या. या शैलीतील इमारतसमूहाचा २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या या इमारतींचे सज्जे आणि छज्जे हे नव्या साहित्याच्या सामर्थ्याचे दर्शन होते. खारा वारा हाच त्या साहित्याचा मोठा शत्रू आहे, याची जाणीव मात्र पुढे झाली.

भाडेनियंत्रण, उपकर आणि तारखेची रेषा :

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण दुरुस्तीवर खर्च करण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही. चाळी कोसळू लागल्या तेव्हा शासनाने १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला आणि दुरुस्तीसाठी उपकर लागू केला. पुढे १९७७ मध्ये हे काम म्हाडाकडे आले. मुंबई शहर बेटावरील १९,६४२ इमारती या योजनेखाली आल्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात (१६,५०२), १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात (१,४८९) आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात (१,६५१) अशी ही विभागणी होती.

या आकड्यांवरून एक बाब स्पष्ट होते. हा कायदा मुख्यतः लाकडी तुळया आणि विटा-चुन्याच्या भिंती असलेल्या इमारतींसाठी होता. १९६९ नंतरच्या इमारती नव्या, म्हणून त्यांना दुरुस्तीची गरज नाही, असे गृहीत धरले गेले. उपनगरे तर या योजनेबाहेरच होती. म्हणजे काँक्रीटच्या ज्या वसाहती पुढील दोन दशकांत झपाट्याने वाढल्या, त्यांच्यासाठी उपकरातून उभा राहिलेला दुरुस्तीनिधी उपलब्ध नव्हता.

टंचाईच्या काळातील बांधकाम :

नेमक्या याच काळात सिमेंट दुर्मीळ होते. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेले सिमेंटवरील नियंत्रण मधला अल्प काळ वगळता फेब्रुवारी १९८२ पर्यंत टिकले. त्या वेळी ते अंशतः आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णतः उठले. सिमेंटचे वाटप हा सत्तेचाच विषय झाला होता. सिमेंट वाटप प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा दिला, ही घटना सर्वश्रुत आहे. परमिटवर सिमेंट मिळण्याच्या काळात मिश्रणात काटकसर करण्याचा मोह स्वाभाविक होता. त्यात खाडीतून काढलेली रेती नीट न धुता वापरली की क्षार पहिल्याच दिवशी काँक्रीटच्या पोटात शिरत.

तत्कालीन मानकेही आजच्या तुलनेत सौम्य होती. भारतीय मानक ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत प्रबलित काँक्रीटसाठी ‘एम-१५’ ही किमान प्रत पुरेशी मानली होती. स्लॅबच्या सळईवर सर्वसाधारणपणे १५ मि.मी. संरक्षक थर सांगितला होता. समुद्रसान्निध्यात तो वाढवण्याची सूचना होती. २००० च्या आवृत्तीने मात्र टिकाऊपणाला मध्यवर्ती स्थान दिले. किनारी हवेला उघड्या असलेल्या प्रबलित काँक्रीटसाठी ‘एम-३०’ प्रत व ४५ मि.मी. थर आवश्यक ठरला. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे बावीस वर्षांच्या अनुभवाचे सार होय.

हानीचे स्वरूप व ओळख :

ताजे काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असते. त्यामुळे सळईवर एक सूक्ष्म संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपून ही अल्कता घटवतो. क्षार तर अल्कता शाबूत असतानाही तो पापुद्रा भेदतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने काँक्रीट आतून फुटते. म्हणूनच हानीचा क्रम असा दिसतो : प्रथम तपकिरी डाग, मग सळईच्या रेषेत जाणारी भेग, नंतर फुगवटा आणि शेवटी पोपडा गळून उघडी पडलेली सळई. गिलाव्यावरील केसासारखी जाळीदार भेग बहुधा निरुपद्रवी असते. खांबातील उभी आणि तुळईच्या टोकाजवळील तिरकी भेग मात्र धोक्याची मानावी.

लाकडी तुळई वाकते, करकरते, वाळवीची माती दाखवते. काँक्रीटची हानी बराच काळ आतच राहते आणि रंगरंगोटी तिला आणखी झाकते. त्यामुळे केवळ डोळ्यांवर विसंबून चालत नाही. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येणे ही सर्वांत साधी व जुनी परीक्षा. फिनॉफ्थॅलीनचे द्रावण ताज्या छेदावर टाकल्यास निरोगी काँक्रीट गुलाबी होते, अल्कता गमावलेले रंगहीन राहते. स्विस अभियंता अर्न्स्ट श्मिट याचा उसळी-हातोडा १९४० च्या दशकाच्या अखेरीचा. भारतात हा हातोडा व ध्वनिलहरींची चाचणी यांसाठी स्वतंत्र मानक १९९२ मध्ये आले. म्हणजे साधने होती. ती वापरण्याचे बंधन नव्हते.

दुरुस्ती : समज आणि शास्त्र :

प्रचलित दुरुस्ती म्हणजे पोपडा काढून सिमेंटचा लेप देणे आणि वर रंग लावणे. गंजलेली सळई तशीच आत राहिल्याने काही पावसाळ्यांत तोच भाग पुन्हा फुटतो. गच्ची गळू लागली की जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर नवा थर चढवला जातो. गळती थांबो न थांबो, स्लॅबवरील भार निश्चित वाढतो.

शास्त्रीय दुरुस्तीची सुरुवात टेकू देण्यापासून होते. कमकुवत काँक्रीट सळईच्या मागच्या बाजूपर्यंत काढावे लागते, गंज पूर्ण साफ करावा लागतो, झिजलेल्या सळईला नव्या सळईची जोड द्यावी लागते. त्यानंतर गंजरोधक लेप, जोडथर आणि पॉलिमरयुक्त मसाला किंवा मायक्रोकाँक्रीट, व शेवटी पाणी मारून जोपासना असा क्रम येतो. खांबाची भारक्षमताच घटली असेल तर त्याभोवती नव्या काँक्रीटचे वेष्टन घालावे लागते. क्षारबाधित इमारतीत एवढेही पुरत नाही; दुरुस्त केलेल्या तुकड्याच्या कडेला गंजाची क्रिया नव्याने सुरू होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गळतीचे मूळ प्रथम बंद झाले पाहिजे.

दुर्घटना आणि कायद्याची वाटचाल :

२००० नंतरच्या दशकात मुंबई महानगरपालिका अधिनियमात कलम ३५३-ब आले आणि ३० वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक झाली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी १५ ते ३० वर्षांच्या इमारतींसाठी दर पाच वर्षांनी व त्यापुढे दर तीन वर्षांनी तपासणी सांगितली. तरीही २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोड येथील महापालिकेची स्वतःच्या कर्मचाऱ्यांना निवासासाठी दिलेली इमारत कोसळून ६१ जण मृत्युमुखी पडले. ती १९८० च्या सुमारास बांधलेली होती. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे कोसळलेली इमारत तर जेमतेम दशकभराची होती. तेथे १६ जण दगावले. केवळ वयावर आधारलेला निकष अपुरा आहे, हे या शेवटच्या घटनेने दाखवून दिले.

महापालिका आज इमारतींची सी-१, सी-२अ, सी-२ब आणि सी-३ अशी वर्गवारी करते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्यायोग्य. परंतु रहिवाशाच्या दृष्टीने या शेऱ्याचा अर्थ ‘घर सोडा’ असा होतो. परत येण्याची हमी त्याला दिसत नाही. म्हणून तो शेरा नाकारतो आणि भेगेवर पुन्हा लेप चढतो.

निष्कर्ष :

१) मुंबईतील दुरुस्ती कायद्याची रचना लाकूड-चुन्याच्या इमारती समोर ठेवून झाली, टंचाईच्या काळातील काँक्रीट इमारती तिच्या कक्षेबाहेर राहिल्या.
२) हानी ओळखण्याची साधने उपलब्ध असूनही तपासणीचे बंधन उशिरा आले.
३) तपासणीचा निकष वयाबरोबरच बांधकामाचा काळ, साहित्य, समुद्रसान्निध्य आणि अंतर्गत बदल यांवरही आधारित असावा.
४) निवाऱ्याची व परतीची लेखी हमी असल्याखेरीज तपासणी अहवाल स्वीकारला जाणार नाही.

समारोप :

काँक्रीट अक्षय नाही. तेही देखभाल मागते. ‘पक्के घर’ या शब्दाने आपण ती मागणी दीर्घकाळ नाकारली. इमारत कोसळण्याच्या कित्येक वर्षे आधी तिने दिलेल्या खुणा कोणी ना कोणी पाहिलेल्या असतात. त्या नोंदवणे हे अभियंत्याचे काम आहे, आणि नोंदवूनही त्या दुर्लक्षित का राहिल्या याचा शोध घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.