उपद्रवी प्राणी आणि मारणारा हात

रानडुकरांनी एका रात्रीत भाताचे कुणगे उकरून टाकले, अशी बातमी लालबाग-परळच्या घरांमध्ये गावाकडून आजही येते. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या बाजूंची जी ख्रिस्ती कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत आहेत त्यांनाही ती नवी नाही. तिच्या पाठोपाठ प्रश्न येतो : ही जनावरे मारावीत काय? रीतसर परवानगी काढून बंदूकवाला बोलवावा, गुपचूप फासकी लावावी, की देवाने निर्माण केलेला जीव म्हणून नुकसान सोसावे? हा शेतकऱ्याचा प्रश्न आहे, शहरातल्या माणसाने त्यात तोंड घालू नये, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. याच शहराने गेली दोनशे वर्षे हाच प्रश्न कुत्र्यांच्या आणि उंदरांच्या निमित्ताने हाताळला आहे, आणि त्या इतिहासातून गावच्या शेतकऱ्याला काही सांगता येण्याजोगे आहे.

आरंभीच एक दंगल आहे. मुंबईत मोकाट कुत्र्यांचा सुळसुळाट फार. पिसाळलेला कुत्रा चावला तर त्यावर उपाय नाही, कारण पाश्चर यांची लस १८८५ ची. म्हणून १८१३ साली सरकारने नियम केला की वर्षातील ठराविक काळात मोकाट कुत्री मारावीत. १८३२ साली ही मुदत वाढवून जूनपर्यंत नेण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे पोलिसांच्या शिपायाला आठ आणे मिळत. त्या काळच्या गरीब शिपायाला ही रक्कम लहान नव्हती. मोकाट कुत्रे पळते, चावते, सहजासहजी हाती लागत नाही. दारात बसलेले पाळीव कुत्रे मात्र शेपटी हलवीत जवळ येते. तेव्हा शिपाई लोकांच्या अंगणात आणि घरात शिरू लागले, यात नवल ते काय?

६ जून १८३२ रोजी किल्ल्यातील पारशांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. मृताच्या अंत्यविधीत शवावर कुत्र्याची नजर पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्यात प्राचीन काळापासून चालत आलेला आहे. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात होते. कुलाब्याच्या छावणीतील गोऱ्या सैनिकांकडे जाणारे अन्नपाणी रस्त्यात अडवले गेले, आणि अखेर सैन्य बोलावून जमाव पांगवावा लागला. धरपकड झाली, खटले झाले, शिक्षाही झाल्या.

या दंगलीचे फळ मात्र आजही भुलेश्वरात उभे आहे. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत अशी रदबदली सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी केली, आणि १८३४ साली जमशेटजी व जैन शेठ अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ स्थापन झाला. गिरगावातून सी. पी. टँककडे जाणाऱ्या आपल्या लोकांना तो गाईंचा गोठा म्हणून ठाऊक आहे. पण मुळात तो गोळीला बळी पडणाऱ्या कुत्र्यांसाठी आणि डुकरांसाठी निघाला होता.

ही कथा दयेचा विजय म्हणून सांगितली जाते आणि त्यात तथ्य आहे. तरीही मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. हुकूम काढणारा साहेब आपल्या बंगल्यात होता. संतापलेले शेठजी आपल्या पेढीवर होते. रस्त्यावर काठी घेऊन उभा होता तो आठ आण्यांचा शिपाई. मारही त्यानेच खाल्ला. त्याच्या मनाचे काय झाले हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

पुढचा अध्याय उंदरांचा. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागातील रोग हा गाठीचा प्लेग आहे, हे प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या कॅथलिक डॉक्टरांनी. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. रोग ओळखला गेला, पण तो पसरतो कसा हे तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणून पहिली काही वर्षे सरकारचा सगळा जोर माणसांवर गेला : घरझडत्या, रुग्णांना ओढून नेणे, सामान जाळणे. त्यातून पुण्यात १८९७ साली रँडचा खून झाला आणि १८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत दंगल उसळली. १८९८ सालीच सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या अंगावरील पिसवांकडे बोट दाखवले. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ पासून झालेल्या कामाने ते निर्विवाद ठरले.

ही परळची प्रयोगशाळा म्हणजे आजची हाफकिन संस्था. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याला प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांचे काम परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात आले. ती वास्तू मूळची येशूसंघीयांची. अठराव्या शतकात इंग्रजांनी ती घेतली आणि प्रार्थनामंदिराचा भोजनकक्ष झाला. जेथे एकेकाळी मिस्सा होत असे त्या आवारात पुढे हजारो मेलेले उंदीर तपासले गेले, याचे मला दुःख वाटत नाही. त्या कामाने माणसे वाचली. गिरगावातील खोताच्या वाडीचा क्रूस हा त्याच प्लेगच्या वर्षांतला. वाचलेल्यांनी कृतज्ञतेने उभारलेला.

उंदीर मारणे त्यानंतर महापालिकेचे नित्याचे काम होऊन बसले. अलीकडच्या दशकांतही रात्रपाळीचे मूषकसंहारक एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठी घेऊन गल्लीबोळांतून हिंडत आले आहेत, आणि एका रात्रीत तीस उंदीर हा त्यांचा नेमून दिलेला आकडा. आकडा भरला नाही तर त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी. २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने जे थैमान घातले ते पाहता हे काम अनावश्यक आहे असे कोणीही म्हणणार नाही. पण आकड्याच्या मागे लागले की काय होते, याचे उदाहरण व्हिएतनाममधील हनोई शहराचे आहे. तेथे १९०२ साली फ्रेंच सरकारने शेपटीमागे बक्षीस लावले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देऊ लागले, म्हणजे त्याला पुढे पिल्ले होतील. काहींनी तर उंदीर पाळायलाच घेतले.

कुत्र्यांच्या बाबतीत मुंबईने वेगळे वळण घेतले, पण फार उशिरा. महापालिका मोकाट कुत्र्यांना विजेचा धक्का देऊन मारीत असे. वर्षानुवर्षे मारूनही संख्या हटेना, कारण रस्त्यावर खायला भरपूर होते आणि मेलेल्याची जागा दुसरा घेई. १९९४ साली ही पद्धत बंद झाली आणि नसबंदी व लस यांवर भर आला. कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईला हा खुलासा पुरेसा वाटत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तिची बाजू हलक्याने घेऊ नये.

आता ख्रिस्तसभेची शिकवण. मार्कच्या शुभवर्तमानात दुष्टात्मे सुमारे दोन हजार डुकरांत शिरतात आणि कळप समुद्रात बुडतो. त्या डुकरांचा अपराध काय, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले हमखास विचारतात. संत ऑगस्टीन यांनी हाच प्रसंग मानीपंथीयांविरुद्ध वापरला : प्राणिहत्या हे सर्वस्वी पाप असते तर प्रभूने असे होऊ दिले नसते. संत थॉमस अक्वायनसही माणसाच्या गरजेसाठी प्राणी मारण्यात पाप मानीत नाहीत. मात्र प्राण्याविषयी कणव बाळगणारा माणसाशीही कणवेने वागू लागतो, असे ते आवर्जून सांगतात. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने त्यापुढे जाऊन म्हटले की प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे मानवाच्याच प्रतिष्ठेला सोडून आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला.

पण या विषयावर मला सर्वांत उपयोगी वाटते ती धर्मगुरूंसाठी असलेली एक जुनी बंदी. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना शिकार मना केली. शिकारी कुत्रे आणि ससाणे पाळणेही मना केले. १९१७ च्या धर्मनियमसंहितेत ती बंदी नेमकी झाली : शिकारीचा नाद नसावा, आणि गाजावाजाची शिकार कधीच करू नये. भाष्यकारांनी त्यातून भेद काढला. गरजेपोटी, गाजावाजा न करता केलेली शिकार वेगळी. घोडे, कुत्री, हाकारे आणि आरडाओरडा यांची शिकार वेगळी. जनावर दोन्हीकडे मरतेच. फरक पडतो तो मारणाऱ्याच्या मनात. १९८३ च्या संहितेत हे कलम शब्दशः उरले नाही, पण तो भेद टाकून देण्यासारखा नाही.

इंग्रज अमदानीतील साहेबांचा घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारण्याचा खेळ पाहा. जेथे तो खेळ चाले तेथे डुकराला गोळी घालणे साहेबलोकांत कमीपणाचे मानले जाई, कारण खेळासाठी डुक्कर उरले पाहिजे! पीक कोणाचे खाल्ले जात होते, हा प्रश्न त्या रिवाजात कोठेच येत नव्हता. आजच्या अमेरिकेतही तेच. तेथे १५३९ साली दे सोतो या स्पॅनिश सरदाराने डुकरे नेली. पाळीव डुकरांतून पुढे रानटी झालेले कळप आज शेती उद्ध्वस्त करतात. मिसूरी राज्याने २०१६ साली आपल्या संरक्षित जमिनींवर त्यांच्या शिकारीलाच बंदी केली. कारण हौशी शिकाऱ्यांमुळे कळप पांगत होते, आणि शिकार मिळावी म्हणून काही लोक डुकरे नव्या जागी नेऊन सोडीत होते. तेथे सरकारी माणसे सापळे लावून कळपच्या कळप धरतात. मारणे थांबलेले नाही. त्यातला खेळ थांबवला आहे.

आपले रानडुक्कर परके नव्हे, ते याच रानाचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीशिवाय ते मारणे गुन्हा ठरते. उभ्या पिकाचे नुकसान हे परवानगीचे मान्य कारण आहे, आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ती पद्धत सोपी केली. २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहार व उत्तराखंडात रानडुकराला उपद्रवी प्राणी जाहीर केले, तेव्हा केंद्रातील दोन मंत्र्यांतच जाहीर वाद झाला. मला विचारणाऱ्यांना मी सांगत आलो आहे की ज्याचे वर्षाचे भात गेले त्याने परवानगी घेऊन, नेम साधणाऱ्याकडून एका गोळीत डुक्कर मारून घेतले तर त्याने कबुलीजबाबात सांगण्यासारखे काही केलेले नाही. फासकीचे तसे नाही. तारेच्या फासात डुकराऐवजी बिबट्या अडकतो आणि तासन्‌तास तडफडतो. पिठाच्या गोळ्यातल्या गावठी बॉम्बने जबडा फुटलेले जनावर रानात उपाशी मरते; तोच गोळा गाईच्या तोंडात जातो. कुंपणात सोडलेल्या विजेने माणसे मेली आहेत. आणि हाका घालून, मटणाचे वाटे आधीच ठरवून निघालेली सुट्टीतली पारध ही पीकरक्षण म्हणून खपवू नये.

कोकणात डुकरे वाढण्याची कारणे अनेक सांगतात. मोठे शिकारी प्राणी कमी झाले, हे एक. दुसरे आपल्या अधिक जवळचे आहे. गिरणगाव भरले ते कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी. १९८२ चा संप फसल्यावर काही परतले, बरेचसे परतले नाहीत. त्यांच्या मागे जमिनी पडीक राहिल्या, त्यांवर करवंदी आणि घाणेरी माजली. डुक्कर दिवसा त्या जाळीत पडून राहते आणि रात्री शेजारच्या कसलेल्या कुणग्यात उतरते. त्या पडीक जमिनींच्या सातबाऱ्यांवरची अनेक नावे लालबाग, परळ आणि दादरच्या खोल्यांतून राहतात.