मेंदूचे औषधी पूर्वसंरक्षण

पक्षाघात होण्याआधीच औषध देऊन मेंदूची संभाव्य हानी टाळण्याचा किंवा कमी करण्याचा उपाय. बीड जिल्ह्यात या आजाराला लकवा म्हणतात. ‘अंगावरून वारं गेलं’ असेही म्हणतात. वाऱ्याचा इथे काही संबंध नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. मोठी वाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला.

कल्पनेचे मूळ प्राण्यांवरील प्रयोगांत आहे. रक्तपुरवठा अगदी थोडा वेळ रोखलेल्या जर्बिलांचा (उंदरासारख्या छोट्या प्राण्यांचा) मेंदू नंतरचा मोठा आघात अधिक चांगला सोसतो, हे जपानी संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले. हेच काम औषधाकडून करून घ्यायचे होते. १९९८ मध्ये स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) आधीपासून दिलेल्या उंदरांच्या मेंदूचे नुकसान कमी झाले.

माणसांवरील चाचण्यांनी मात्र निराशा केली. पक्षाघातानंतर दिलेले आणि २००६ च्या चाचणीत आशा दाखवणारे एनएक्सवाय-०५९ हे औषध पुढच्याच वर्षी मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले. लॉस एंजेलिसमध्ये तर रुग्णवाहिकेतच १,७०० रुग्णांवर मॅग्नेशियमची चाचणी झाली. २०१५ मध्ये निकाल छापून आला, फायदा शून्य. अडचण उघड आहे : उंदराला आघात कधी होणार हे प्रयोगकर्त्याला ठाऊक असते, माणसाच्या बाबतीत कुणालाच नाही.

म्हणून खरे पूर्वौषध रोजचेच, आणि तसे कंटाळवाणे. आधी झटका येऊन गेलेल्या ६,१०५ जणांच्या ‘प्रोग्रेस’ चाचणीत (२००१) रक्तदाबाच्या गोळ्यांनी पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. उलट स्पेनमधील २००७ च्या लहानशा अभ्यासात, पक्षाघातानंतर तीन दिवस स्टॅटिन थांबवलेल्या रुग्णांची अवस्था अधिक बिघडली.

बीडमध्ये रोजच्या गोळ्यांचा हा मुद्दा ऊसतोडीशी भिडतो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते (ऊसतोड जोडपी) पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परततात. एका महिन्याच्या गोळ्या पाच महिने कशा पुरणार? कोपीवर (मजुरांच्या झोपडीत) लकवा मारला, तर गुठळी विरघळवणाऱ्या औषधासाठी साडेचार तासच हाती असतात. त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरते. अॅस्पिरिनही त्या वेळी स्वतःच्या मनाने देऊ नये.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर वेळ लक्षात ठेवून १०८ ला फोन करावा. आणि फडावर निघण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात रक्तदाब मोजून, परतेपर्यंतच्या गोळ्यांची सोय कशी होईल ते विचारून घ्यावे.